पाण्याचा आकडा आधी गावाला

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी आणि शेजारच्या बीडमधल्या पाटोदा तालुक्यातल्या माळांवर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येकीच्या पोटात वाऱ्याचा वेग, पात्यांचे फेरे, बेअरिंगचं तापमान आणि तयार होणारी वीज मोजणारी उपकरणं असतात. त्यांचे आकडे शेकडो किलोमीटरवर बसलेल्या माणसाला त्याच क्षणी पडद्यावर दिसतात. एखादं बेअरिंग नेहमीपेक्षा जास्त तापायला लागलं, तर चक्की बंद पडण्याआधी दुरुस्तीची गाडी निघू शकते. याच माळांच्या आसऱ्यानं वसलेल्या गावांत नळयोजनेची टाकी भरली हे कळतं ते वरून पाणी सांडायला लागल्यावर, आणि रिकामी झाली हे कळतं ते बाया ग्रामपंचायतीत भांडायला आल्यावर.

वाऱ्याचा हिशेब सेकंदाला आणि पाण्याचा हिशेब भांडणाला, असं का? तंत्र महाग आहे म्हणून, हे उत्तर आता चालणार नाही. टाकीतली पातळी मोजून मोबाइलवर कळवणारं साधं उपकरण आज चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत बसतं. खरं कारण निराळं आहे. पवनचक्कीचं उत्पादन घटलं तर कुणाचा तरी खिसा त्याच महिन्यात हलका होतो आणि तो दुसऱ्या कुणाला तरी जाब विचारतो. गावच्या टाकीतलं पाणी रात्रभर वाहून गेलं तर नुकसान नेमकं कुणाचं आणि जबाब कुणी द्यायचा, हे ठरलेलंच नसतं. जिथे जाब विचारणारा कुणी नसतो, तिथे माप घ्यायची गरज कुणाला वाटत नाही.

पाणीपुरवठ्यात सेन्सर यावेत, या मताचा मी आहे. पण ते ज्या वाटेनं येऊ घातले आहेत ती वाट मला मान्य नाही. आकडा गावातून उचलायचा, मुंबई-दिल्लीच्या पडद्यावर झळकवायचा आणि गावाला मात्र पूर्वीसारखंच नळाच्या तोंडाकडे बघत बसवायचं, अशी ही वाट आहे. ईटसारख्या गावात, म्हणजे भूम तालुक्याच्या टोकाला, बीडच्या हद्दीजवळ असलेल्या बाजारपेठेच्या गावात, हा प्रश्न यंत्राचा म्हणून कुणी मांडू नये. तो हक्काचा आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, आणि त्यासाठी केंद्र आणि राज्यं मिळून ३ लाख ६० हजार कोटी रुपये, असा तो संकल्प होता. नळ मोजणं सोपं आहे, पाणी मोजणं अवघड आहे, हे योजनेच्या धुरिणांच्या लवकरच ध्यानात आलं असावं. सप्टेंबर २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाला बरोबर घेऊन गावातला पाणीपुरवठा मोजणारी स्वस्त देशी उपकरणं बनवण्याची स्पर्धा पुकारण्यात आली. टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकारानं महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या काही गावांत असे सेन्सर बसवून पाहण्यात आले. यातली कल्पना समजायला अवघड नाही. उद्भव विहिरीत पाण्याची पातळी मोजायची, पंपाच्या पुढे किती पाणी गेलं ते मोजायचं, टाकीत किती आहे ते मोजायचं, आणि वितरणाच्या वाहिनीत दाब आणि क्लोरीन मोजायचं. हे सगळे आकडे सिमकार्डावरून एका ठिकाणी जातात. रात्री दोन वाजता, गाव झोपलेलं असताना, टाकीतली पातळी खाली जात असेल तर पाणी कुणी पीत नाही, ते कुठेतरी गळतंय, एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. आज हे कळायला रस्त्यात चिखल व्हावा लागतो.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की खेड्यातल्या माणसाचा मोजमापाशी असलेला अनुभव फार वाईट आहे. तो दुधाचं कॅन घेऊन डेअरीत जातो, तिथे फॅटचं यंत्र लागतं. यंत्र डेअरीचं, आकडा डेअरीचा, भाव डेअरीचा. भूम तालुका दुधाचा आणि खव्याचा. पॉइंट-दोन पॉइंटांनी किती रुपये इकडचे तिकडे होतात, हे इथल्या पोराला शाळेतल्या गणिताआधी कळतं. ऊस घेऊन कारखान्यावर जावं तर काटा कारखान्याचा, आणि काटा मारल्याची तक्रार दर हंगामात. शेतीपंपाचं बिल तर वर्षानुवर्षं मीटर न वाचता हॉर्सपॉवरवर आलं, मग पंप चालो न चालो. मापात पाप करू नये, असं आपण म्हणत आलो ते उगाच नाही. पाप बहुतेक वेळा मापातच झालेलं आहे. अशा माणसाच्या विहिरीवर आणि नळावर उद्या सरकारी डबा बसला, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार की हे माझ्यासाठी आहे की माझ्यावर आहे. त्याला अडाणी म्हणून चालणार नाही. पुण्यासारख्या शहरातही चोवीस तास पाणी योजनेतल्या मीटरांना शिकल्यासवरल्या सोसायट्यांनी विरोध केलाच होता.

आणि तंत्रज्ञानाचं म्हणाल तर खेडं शहराच्या पुढे आहे. शहरात घरातले दिवे मोबाइलवरून लावण्याचं कौतुक सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्यानं रात्री अंथरुणातून मोबाइल लावून विहिरीवरची मोटर सुरू केली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण त्यासाठीच निघालं, आणि नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. मोटर चालू आहे का, वीज आली का, विहिरीत पाणी संपून मोटर कोरडी फिरतेय का, हे सांगणारे स्टार्टर आता तालुक्याच्या दुकानात मिळतात. रात्री-अपरात्री सापाविंचवातून जाण्याचा त्रास वाचला, यापेक्षा चांगलं काय? पण याच गोष्टीचं एक स्वस्त भावंड आहे, ‘ऑटो’ म्हणतात ते. वीज आली की मोटर आपोआप सुरू. एकाच डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्यांनी ऑटो बसवले, की वीज आल्याच्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांचंच पीक वाळतं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतं आणि कुणी ऐकत नाही, कारण एकट्यानं ऑटो काढला तर तो एकटाच मागे राहतो.

या उदाहरणावर मी मुद्दाम थांबतो, कारण पाण्याच्या सेन्सरबद्दल बोलणारे बहुतेक लोक इथे थांबत नाहीत. यंत्र हुशार झालं म्हणून गाव हुशार होत नाही. प्रत्येकाच्या हातातलं यंत्र हुशार झालं आणि सगळ्यांचा मिळून एक नियम नसला, तर नुकसान उलट वेगानं होतं. बोअरच्या शर्यतीत मराठवाड्यानं हेच पाहिलं.

आपल्या पायाखालचा खडक काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्याच्या वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत पाणी साठतं. खाली अखंड कातळ लागला की पाणी नशिबाचं. म्हणून दोन शेतांच्या अंतरावर एका बोअरला धो धो पाणी आणि दुसऱ्याला धूळ, असं होतं. गावच्या नळयोजनेची विहीर याच वरच्या थरावर जगते आणि आजूबाजूच्या विहिरी-बोअरही त्याच थरातून ओढतात. १९९३ चा भूजल कायदा सांगत होता, की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येणार नाही. पुढे २००९ चा आणखी व्यापक कायदा आला, त्यात २०० फुटांच्या, म्हणजे ६० मीटरच्या, खाली जाण्याला बंधन घातलं गेलं. गावोगावच्या बोअरच्या गाड्यांनी या फुटांचं काय केलं ते सांगायला नको. कायदा राबला नाही, यामागे राजकीय इच्छा नव्हती हे तर आहेच. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात पुरावाही नव्हता. शेजारच्या बोअरमुळे गावची विहीर आटली, हे सिद्ध कसं करणार? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यातून तालुक्याचं चित्र कळतं, मात्र अमक्या रात्री अमकी मोटर सुरू झाली आणि गावच्या विहिरीतलं पाणी किती खाली गेलं, ते कळत नाही. दर तासाला पातळी नोंदवणारा सेन्सर विहिरीत असेल तर कळतं. कायद्याला वीस-तीस वर्षं जो साक्षीदार मिळाला नाही, तो हा आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिला सेन्सर विहिरीत बसवा, टाकीवर नंतर. प्रत्यक्षात उलटं होतं. टाकी उंच असते, रंगवलेली असते, तिच्यावर योजनेचं नाव असतं, उद्घाटनाचा फोटो तिथेच निघतो, म्हणून उपकरणही तिथेच बसतं. मराठवाड्यातली योजना टाकीपाशी मरत नाही. ती मरते एकतर उगमाला, मार्चनंतर विहीर आटते तेव्हा, नाहीतर शेवटाला, जिथे पाणी पोचतच नाही तिथे.

शेवटचा नळ हा विषय नाजूक आहे आणि त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. नळाला पाणी आलं की पहिल्या आळीतली घरं नळालाच मोटर लावतात. वाहिनीतला दाब ती मोटर ओढून घेते. पुढच्या घराला करंगळीएवढी धार आणि शेवटच्या वस्तीला फक्त हवेचा फुसफुसाट. ही शेवटची वस्ती कुणाची असते? कुठे दलित वस्ती, कुठे तांडा, कुठे गावाबाहेर नव्यानं घर बांधलेली गरीब माणसं. टाकीतून माणशी ५५ लिटर सुटलं की कागदावर योजना यशस्वी. पहिल्या आळीला माणशी दीडशे आणि शेवटच्या वस्तीला दहा, याची सरासरीही ठीकच दिसते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पाण्याजवळ गेले, ते पाणी कमी होतं म्हणून नाही. वाटणीचा प्रश्न साठ्याच्या प्रश्नाआड लपवण्याची आपली सवय जुनी आहे. शेवटच्या नळावर दाब मोजणारं उपकरण बसलं तर ती लपवाछपवी अवघड होईल, आणि म्हणूनच त्याला सगळ्यात जास्त विरोध गावातूनच होईल. दिल्लीला दोष देणं सोयीचं असतं. इथे दोष आपल्या आळीचा आहे.

सरासरीचं आणखी एक नाटक भूमसारख्या तालुक्यात होणार आहे. ५५ लिटर हा हिशेब माणसांचा आहे. दुभती म्हैस उन्हाळ्यात एकटी त्याहून जास्त पाणी पिते. ज्या घरात तीन माणसं आणि चार म्हशी आहेत, तिथला नळ दिवसभर वाहिला तर दूरच्या पडद्यावर त्या घराची नोंद ‘जादा वापर’ अशी लाल रंगात होईल. म्हशी दावणीला आहेत हे त्या पडद्याला दिसत नाही, गावाला दिसतं. आकडा गावात वाचला गेला तर त्याचा अर्थ लागतो, दूर वाचला गेला तर त्याचा आरोप होतो.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू, कारण आकडा लोकांपुढे आला की सगळं आपोआप सुधारतं, असं मानणाराही एक भाबडा वर्ग आहे. त्यानं लातूरची आठवण काढावी. धनेगावच्या मांजरा धरणाचा साठा पाटबंधारे खातं नियमित जाहीर करत असतं, वर्तमानपत्रं छापतात. टक्के खाली येताना सगळ्यांनी वाचलं होतं. साठा घटत असताना खोऱ्यात ऊस उभा होता, कारखाने होते, सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाण्याच्या वाघिणी घेऊन निघाली. १२ एप्रिलला पहिल्या दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी लातूरला उतरलं. आकडा माहीत नव्हता म्हणून ही वेळ आली नाही. आकडा वाचून कुणाची मोटर थांबवायची आणि कुणाचं पीक बदलायचं, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांना ते ठरवायचं नव्हतं, आणि ज्यांच्या हंड्यात पाणी नव्हतं त्यांच्याकडे अधिकार नव्हता.

टँकरचंही असंच. टंचाईच्या टँकरना जीपीएस सक्तीचं झालं, कारण कागदावरच्या खेपा फार झाल्या होत्या. जीपीएस टँकर कुठून कुठे गेला ते सांगतं. तो भरलेला होता की रिकामा, आणि वाटेत कुणाच्या शेततळ्यात उतरला का, ते सांगत नाही. ते सांगते विहिरीपाशी उभी असलेली बाई. तिच्या सहीशिवाय खेपेचं बिल निघू नये, एवढा साधा नियम त्या यंत्राइतकाच उपयोगी पडला असता.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार गावानं पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, आणि त्या आकड्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी माणसांचं आणि जनावरांचं, मग उरेल त्यात कोणती पिकं घ्यायची ते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र कमी. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाचं कौतुक पुष्कळ झालं आहे, मला कौतुक आहे ते त्या आकड्याचं: तो पावसाळ्यानंतर बोलतो आणि गाव त्याचं ऐकतं. तिथे सिमकार्डवाले सेन्सर नसतानाही हे झालं. म्हणजे सेन्सर हा उपाय नाही. पण ज्या गावात पोपटराव नाहीत तिथे रोजच्या मोजणीचे कष्ट त्यानं वाचतात, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे. अटल भूजल योजनेत धाराशिवसह राज्यातले तेरा जिल्हे होते आणि तिच्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यावर भर होता. फलक पुष्कळ गावांत रंगवले गेले. ताळेबंद फलकावर राहतो की पेरणीत उतरतो, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गावोगाव वेगळं आहे.

दूरचं एक उदाहरण इथे घ्यायला हरकत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन २०१८ मध्ये नळ बंद पडण्याच्या तोंडावर आलं होतं. महापालिकेनं धरणांचे साठे आणि शहराचा वापर लोकांपुढे सतत मांडला आणि फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली. लोकांनी वापर कमी केला, पाऊस आला, शहर निभावलं. एका श्रीमंत शहराची आणीबाणीतली मर्यादा ५० लिटर, आणि आपल्या खेड्याचं स्वप्न ५५. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर ते बरोबरच आहे.

आता उपकरणाच्या आयुष्याकडे येऊ. सेन्सर बसवणं हे कामाचं सगळ्यात सोपं अंग. गुत्तेदार येतो, बसवतो, फोटो काढतो, बिल उचलतो. मग सौर पॅनेल चोरीला जातं. बॅटरी बसते. सिमचा रिचार्ज कुणी करायचा हे करारात नसतं. क्लोरीन मोजणारा सेन्सर तर ठरावीक काळानं पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर तो मनाला येईल ते आकडे देतो. ज्या ग्रामपंचायतीला पाणीयोजनेचं वीजबिल भरता येत नाही आणि महावितरण जोडणी तोडतं, तिनं या डब्याची देखभाल करावी ही अपेक्षा कशाच्या जोरावर? पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी आपल्याकडे जलसुरक्षक आहे, टीसीएल पावडर आहे, रंग बघून कळणारी ओटी चाचणी आहे आणि गावाच्या पाण्याचा धोका सांगणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डं आहेत. ही पद्धत स्वस्त आहे, माणसाच्या हाताला आणि डोळ्याला कळणारी आहे. ती नीट चालवा. प्रत्येक गोष्टीला डबा लावायचा अट्टहास नको. विहिरीची आणि टाकीची पातळी, पंपाचा प्रवाह, शेवटच्या नळाचा दाब, एवढं पुरे. कमी यंत्रं असली तर ती जिवंत राहण्याची शक्यता असते.

केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हातपंपाच्या दांड्यात एक छोटं उपकरण बसवलं होतं. दांडा हलतो की नाही, एवढंच ते मोबाइलच्या जाळ्यावरून कळवी. पूर्वी बंद पडलेला पंप दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागत. नंतर तीन दिवसांच्या आत तो सुरू होऊ लागला. या कथेत यंत्राचा वाटा निम्मा. उरलेला निम्मा वाटा त्या संदेशाची वाट पाहत बसलेल्या स्थानिक मिस्त्र्याचा, त्याच्याकडच्या सुट्या भागांचा आणि त्याला वेळेवर मिळणाऱ्या पैशांचा. आपल्या तालुक्यात पंपाचा मिस्त्री नाही असं नाही. त्याला पैसे कधी मिळतील हे माहीत नसतं, म्हणून तो आधी शेतकऱ्याची मोटर काढतो.

आपल्याकडचं चांगलं उदाहरण शोधायचं तर कराडजवळच्या मलकापूरचं. २००९ च्या सुमारास तिथे चोवीस तास पाणी सुरू झालं, घरात न शिरता बिनतारी वाचता येणारी मीटर बसली आणि जास्त वापरला जास्त दर असा टप्प्याटप्प्यांचा दर आला. लोकांनी ते मानलं, कारण पाणी खरंच चोवीस तास येऊ लागलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मीटर बसवलं तर पाण्याच्या आधी नळातून जी हवा येते तिच्यावरही साधं मीटर फिरतं. हवेचं बिल कोण भरेल?

राहिला वॉलमन. कागदावर तो पाणीपुरवठा कर्मचारी, गावाच्या तोंडी ‘पाणी सोडणारा’. कुठला वॉल कुठल्या दगडाखाली पुरलाय, कुठली लाइन कुणाच्या गोठ्याखालून गेलीय, कुठल्या आळीला किती फेरे उघडायचे, हा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात असतो आणि दुसरीकडे कुठेही नसतो. सेन्सरकडे तो संशयानं पाहील. का पाहू नये? उशीर झाला तर आता पुरावा तयार होणार, आणि पगार मात्र तोच, तोही थकलेला. हुबळी-धारवाडमध्ये ‘नेक्स्टड्रॉप’ नावाचा प्रयोग झाला होता: पाणी सोडताना वॉलमननं फोनवर कळवायचं आणि त्या भागातल्या घरांना आगाऊ संदेश जायचा. कल्पना उत्तम. तोच प्रयोग बंगळुरूत केल्यावर अभ्यासकांना दिसलं की संदेश वेळेवर जात नव्हते, कारण बरेच वॉलमन नेमानं कळवतच नव्हते. ज्याच्या हातून माहिती निघते त्याला तिचा उपयोग नसेल, तर ती माहिती सुकते. म्हणून विहिरीची आणि टाकीची पातळी सगळ्यात आधी वॉलमनच्या फोनवर यावी. टाकी किती भरली हे बघायला शिडी चढायचं त्याचं काम वाचावं आणि मोटर जळण्याआधी त्याला कळावं. त्याच्या डोक्यातला नकाशा कागदावर आणण्यासाठी त्याला वेगळे पैसे द्यावेत. मग त्या सेन्सरची राखण तोच करील.

२०२५ च्या अर्थसंकल्पात जलजीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याची घोषणा झाली आणि त्यात योजना चालवण्या-सांभाळण्यावर भर देण्याची भाषा आली. म्हणजे सेन्सरचे गठ्ठे आणखी येणार. कुणाच्या हातात येणार हे ठरायची वेळ आत्ताची आहे. नियम एकच पुरेसा आहे: पाण्याचा जो आकडा वरच्या पडद्यावर जाईल, तो त्याच दिवशी गावात, चावडीवरच्या फलकावर आणि वॉलमनच्या फोनवर आला पाहिजे, आणि त्याच्यावर निर्णय घेण्याचा पहिला हक्क ग्रामसभेचा असला पाहिजे. ५०० मीटरच्या आतला नवा बोअर थांबवायचा असो, नळाला लावलेली मोटर काढायची असो, नाहीतर शेवटच्या वस्तीला आधी पाणी सोडायचं असो.

ईटच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नळयोजनेच्या विहिरीची पातळी मीटरमध्ये वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत पुन्हा वाचा. त्याला सेन्सर लागत नाही. मीटरभर अंतरावर गाठी मारलेली दोरी आणि तिच्या टोकाला दगड, एवढं पुरतं. आणि सेन्सर घेऊन गुत्तेदार गावात येईल तेव्हा त्याला विचारा, यातला आकडा आमच्या फलकावर दिसणार आहे का. नाही म्हणाला, तर काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरपंचाला सही करू देऊ नका.